यंत्राची भिंत आणि पाटोद्याचे घरकुल

दसरा सरला की बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातील अनेक वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. संसाराची भांडी, कोयते आणि लेकरे घेऊन ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात, फडाजवळच्या कोपीत हंगाम काढतात आणि गाळप आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. ज्यांना घरकुल मंजूर झालेले असते त्यांच्या हाती बांधकामासाठी मार्च ते मे हे तीन महिनेच उरतात. नेमक्या याच काळात विहिरी तळ गाठतात, पाण्याचा टँकर पिण्यास पुरत नाही तेथे भिंतीवर मारावयास पाणी कोठून आणावे हा प्रश्न पडतो, आणि गावातल्या एकुलत्या एक चांगल्या गवंड्याला चार घरांची बोलावणी असतात. पाऊस आला तरी चौथऱ्यापाशी अडलेले घरकुल ही म्हणूनच या भागात नवलाची गोष्ट नाही.

(आदर्श ग्रामपंचायत म्हणून ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते पाटोदा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील होय. येथे अभिप्रेत आहे ते बालाघाटच्या डोंगररांगेतील, तालुक्याचे पाटोदा.)

यंत्राच्या साहाय्याने एका घराच्या भिंती दोन-तीन दिवसांत उभ्या राहतात, हे वृत्त अशा तालुक्यात कुतूहलाने वाचले जावे हे स्वाभाविक आहे. या पद्धतीस त्रिमितीय छपाई किंवा रूढ भाषेत थ्रीडी प्रिंटिंग असे म्हणतात. ग्रामसभेत तिच्याविषयी विचारणा होऊ लागली तर सरपंचांनी वा ग्रामविकास अधिकाऱ्यांनी काय सांगावे? त्यासाठी ही पद्धती नेमकी काय आहे, देशात तिची कामे कोठे झाली आणि पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गरजेला ती कितपत लागू पडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

रद्द्यावर रद्दा

मातीची भिंत घालणारा कारागीर चिखलाचा एक रद्दा घालतो, तो थोडा आवळू देतो आणि मग त्यावर दुसरा रद्दा चढवितो. त्रिमितीय छपाईचे मूलतत्त्व याहून वेगळे नाही. फरक एवढाच की येथे रद्दा हाताएवढा उंच नसून एक-दोन सेंटिमीटरचा असतो आणि तो घालणारा हात यंत्राचा असतो. प्रथम घराचा आराखडा संगणकावर तयार करण्यात येतो. संगणक त्या आराखड्याचे, भाकरीच्या चवडीप्रमाणे, आडवे पातळ थर पाडतो आणि प्रत्येक थरात नळीचे तोंड कोठून कोठे फिरावे याचा मार्ग आखतो. मग चौथऱ्यावर उभारलेल्या लोखंडी चौकटीवरून किंवा यांत्रिक बाहूच्या टोकाशी ही नळी फिरू लागते. मिश्रण कालविणारे यंत्र व पंप यांतून आलेले काँक्रीट नळीच्या तोंडातून पट्टीसारखे बाहेर पडते आणि थरावर थर बसत जातो. साच्याच्या फळ्या लागत नाहीत, म्हणजेच भिंतीसाठी सेंट्रिंगचा खर्च व वेळ वाचतो. या पद्धतीचा खरा लाभ हाच होय.

भिंत बहुधा भरीव नसते. बाहेरची एक पट्टी, आतली एक पट्टी आणि त्या दोहोंना जोडणारी नागमोडी पट्टी अशी तिची रचना असते. मधल्या पोकळीमुळे ऊन आत उतरण्यास अटकाव होतो. याच पोकळीत ठिकठिकाणी उभ्या सळया सोडून काँक्रीट भरण्यात येते. आकडेमोडीसाठी पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद अशी एकच खोली घेऊ. तिचा परीघ २० मीटर. तीनपदरी भिंतीसाठी नळीला प्रत्येक थरात सुमारे ६० मीटर चालावे लागेल. थर एक सेंटिमीटरचा धरला तर तीन मीटर उंचीसाठी ३०० थर, म्हणजे एकूण १८ किलोमीटरची वाटचाल. सेकंदाला दहा सेंटिमीटर या गतीने त्यास ५० तास लागतात. दोन-तीन दिवसांत भिंती, हे विधान असे खरे ठरते. मात्र ते भिंतींपुरतेच खरे आहे, आणि यंत्र मध्ये थांबले नाही तर.

सारी मदार असते ती मिश्रणावर. पंपातून व लांब नळीतून ते दह्यासारखे सरकत यावे लागते, आणि तोंडातून बाहेर पडताक्षणी वरच्या थराचे ओझे पेलण्याइतके ताठही व्हावे लागते. नेहमीच्या काँक्रीटमधील मोठी खडी या नळीतून जाऊ शकत नाही. सबब बारीक वाळू किंवा कच, सिमेंट, राख आणि रासायनिक द्रव्ये यांचे मिश्रण वापरतात. खडी नाही म्हणजे सिमेंटसदृश द्रव्याचे प्रमाण वाढते, आणि त्याबरोबर खर्चही. एका थरानंतर दुसरा थर फार लवकर आला तर खालचा दबतो. फार उशिरा आला तर दोहोंमध्ये नीट सांधा जुळत नाही. असा कच्चा सांधा वरून दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक.

देशातील कामे

साच्याविना घर ही कल्पना फार जुनी नसली, तरी साच्यात ओतलेले घर ही शतकापूर्वीची आहे. विजेच्या दिव्याशी ज्याचे नाव निगडित आहे त्या थॉमस एडिसनने एकाच वेळी ओतून संपूर्ण काँक्रीटचे घर तयार करण्याची योजना मांडली होती आणि १९१७ साली तिचे पेटंटही त्यास मिळाले. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात अशी काही घरे झाली. परंतु लोखंडी साच्यांचा पसारा आणि त्यांची किंमत यांपुढे ती योजना टिकली नाही. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक बहरोख खोशनेविस यांनी साचाच वगळून नळीने थर रचण्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला, आणि आजची बहुतेक यंत्रे त्याच वाटेने आलेली आहेत.

भारतात मद्रास येथील आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या त्वष्टा या कंपनीने त्या संस्थेच्या आवारात ६०० चौरस फुटांचे घर उभारले. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. (त्वष्टा हे वैदिक वाङ्मयातील देवशिल्पीचे नाव.) त्याआधी, २०२० च्या डिसेंबरात, लार्सन अँड टुब्रो कंपनीने कांचीपुरम येथील आपल्या आवारात ७०० चौरस फुटांची दुमजली इमारत छापली होती. तिच्या छपाईस १०६ तास लागले. आडव्या स्लॅबचे काम मात्र छपाईने झाले नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. डिसेंबर २०२२ मध्ये अहमदाबाद छावणीत लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेने सैनिकांसाठी दुमजली निवासस्थान उभे केले. गॅरेजसह ७१ चौरस मीटरच्या या वास्तूस १२ आठवडे लागले. महाराष्ट्रात पुणे येथे २०२५ साली एका खाजगी गृहप्रकल्पात त्वष्टाच्याच साहाय्याने दुमजली बंगला प्रत्यक्ष जागेवर छापण्यात आला.

शासकीय अधिकाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण बंगळूरचे आहे. तेथील उल्सूर भागातील केंब्रिज लेआउट टपाल कार्यालय लार्सन अँड टुब्रोने आयआयटी मद्रासच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली बांधले व १८ ऑगस्ट २०२३ रोजी ते जनतेसाठी खुले झाले. क्षेत्रफळ १,०२१ चौरस फूट, ठरलेली मुदत ४५ दिवस, प्रत्यक्ष लागलेले दिवस ४३ आणि खर्च सुमारे २३ लाख रुपये. नेहमीच्या पद्धतीने याच कामास सहा ते आठ महिने लागले असते, असे त्या वेळी सांगण्यात आले. छपाईचे तास आणि इमारतीचे दिवस यांतला फरक या आकड्यांवरून स्पष्ट होतो. भिंती थोड्या दिवसांत होतात. पण पाया, छत, नळ, गटार, वीज व रंग यांस त्यांचा त्यांचा वेळ लागतोच.

घरकुलाचे गणित

आता पाटोद्याकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातील घरकुलास १ लाख २० हजार रुपये साहाय्य व किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, क्षेत्र ठरविण्यात आले. याखेरीज रोजगार हमीतून मजुरी व शौचालयासाठी वेगळी रक्कम यांची तरतूद होती, आणि राज्य शासनाने अलीकडे स्वतःच्या निधीतून साहाय्यात भरही घातली आहे. मूळ साहाय्याचा हिशेब केला तर चौरस फुटास सुमारे ४४६ रुपये पडतात. बंगळूरच्या टपाल कार्यालयास चौरस फुटास सुमारे २,२५० रुपये लागले. शहरातील सार्वजनिक इमारत व खेड्यातील एका खोलीचे घर यांची अशी सरळ तुलना न्याय्य नव्हे, हे मान्य. तथापि अंतर पाचपटीचे आहे, आणि वाढीव साहाय्य जमेस धरले तरी ते भरून निघण्यासारखे नाही.

खर्चाइतकाच महत्त्वाचा मुद्दा योजनेच्या स्वरूपाचा आहे. या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते. ठेकेदार नेमण्यास मुभा नाही. रक्कम लाभार्थ्याच्या बँक खात्यात, बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे पाहून, हप्त्या-हप्त्याने जमा होते. छपाईचे यंत्र मात्र एखाद्या कंपनीचेच असणार. ते ट्रकवर लादून आणावयाचे, उभारावयाचे, चाचणी घ्यावयाची आणि काम होताच उतरवून न्यावयाचे. एका घरासाठी हा खटाटोप कोणासही परवडणार नाही. वीस-पंचवीस घरे एका जागी असतील तरच तो विचारात घेता येईल. परंतु पाटोद्याची घरकुले वाडी-तांड्यांवर विखुरलेली, आपापल्या गावठाणातल्या चिंचोळ्या बोळांत असतात. लोखंडी चौकट मांडावयास घराच्या चारही बाजूंना मोकळी जागा हवी, यंत्रास अखंड व पुरेशा दाबाची वीज हवी आणि मालवाहू वाहन दारापर्यंत पोहोचावयास हवे. डोंगराच्या कुशीतील वस्तीवर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळणे कठीण. मजुरीचाही प्रश्न आहे. बिगारी कामातून जो पैसा गावातच राहतो तो यंत्राबरोबर बाहेर जाईल.

पाण्याचे काय? मिश्रणास लागणारे पाणी मोजून घातले जाते, त्यामुळे नासाडी कमी होते हे खरे. पण साच्याच्या फळ्या नसल्याने पातळ थर चहूबाजूंनी उघडा पडतो, आणि एप्रिल-मेच्या झळांत त्यातील ओल झपाट्याने उडून जाते. मग केसासारख्या भेगा पडतात. त्या टाळावयाच्या तर गोणपाट, प्लॅस्टिकचे आच्छादन वा रासायनिक लेप हवा, आणि पाणी मारणे चुकत नाहीच. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यात, गवळवाडीजवळ. पण तिचे पाणी साठते ते खाली केज तालुक्यातील धनेगावच्या धरणात. उगमाच्या गावांना उन्हाळ्यात त्या नदीचा आधार फारसा नाही.

यावर असे सुचविता येईल की मजूर गावात नसतात त्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंड दिवसांत, विहिरींना पाणी असताना, यंत्राने भिंती घालाव्यात. तांत्रिकदृष्ट्या हा काळ निश्चितच अनुकूल आहे. पण मग ज्याचे घर तो शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात. दार कोणत्या दिशेला, चूल कोठे, शेळ्या बांधावयाची जागा कोणती, हे सांगावयास घरी म्हातारी माणसे तेवढी. छापलेल्या भिंतीत मागाहून फेरबदल करणे सोपे नसते. खुंटी ठोकणे, कोनाडा पाडणे, शेजारी एक खण वाढविणे या आपल्या घरांतील नित्याच्या गोष्टी. पोकळ आणि सळया सोडलेल्या भिंतीत त्या विचारल्याशिवाय करता येत नाहीत. वक्र भिंती यंत्राला सोप्या जातात व मजबूतही असतात. परंतु कपाट, पेटी आणि खाट सरळच असतात.

लोकांना न विचारता झालेल्या घरांचा अनुभव मराठवाड्याला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. चिखलात रचलेल्या दगडी जाड भिंती आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून जड झालेली माळवदे, यांनी झोपेतल्या माणसांना गाडले. त्यानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भक्कम होती यात संशय नाही. परंतु आखीव रस्त्यांवरील त्या सारख्या घरांना अंगण, गोठा, भावकीचा शेजार यांची जोड नव्हती. अनेकांनी पुढे पत्र्याच्या शेडी व कूड घालून ती आपल्यापरीने जुळवून घेतली. यंत्राने एकाच आराखड्याची शंभर घरे छापणे सोपे असते, म्हणूनच हा अनुभव विसरता कामा नये. त्याच वेळी किल्लारीचा दुसरा धडाही तितकाच खरा आहे: भिंतींना जोते, छपराखाल व दारा-खिडक्यांवर सलग आडवे पट्टे हवेत, कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात. यंत्राची भिंत या नियमाला अपवाद नाही. नुसते थर दाब सोसतात, हादरा सोसत नाहीत.

मग उपयोग कोठे?

यावरून ही पद्धती पाटोद्यास निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. घरकुलापेक्षा सार्वजनिक इमारतीकडे पाहिले तर चित्र पालटते. शाळाखोली, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांचे आराखडे गावोगावी जवळपास सारखे असतात, त्यांना गावाच्या कडेची मोकळी जागा असते, रस्ता असतो, आणि काम ठेकेदारामार्फतच व्हावयाचे असते. एकच यंत्र एका तालुक्यात आणून दहा-बारा खोल्या ओळीने छापल्या तर वाहतुकीचा बोजा वाटला जाईल. आफ्रिकेतील मलावी या देशात सलिमा जिल्ह्यात २०२१ साली एका शाळेच्या भिंती १८ तासांत छापून झाल्या. वर्गखोल्यांचा तुटवडा हेच त्या प्रयोगाचे कारण होते. एप्रिलअखेरीस वार्षिक परीक्षा संपली की जूनच्या मध्यापर्यंत मिळणाऱ्या सुट्टीत मोडकी वर्गखोली पाडून नवी उभी करावयाची झाली तर नेहमीच्या पद्धतीला ती मुदत अपुरी पडते, हे शिक्षकांस सांगावयास नको.

मातीची आशाही सोडावयाचे कारण नाही. इटलीत मासा लोंबार्दा येथे २०२१ साली टेक्ला नावाचे सुमारे ६० चौरस मीटरचे घुमटाकार घर स्थानिक माती, भाताचा कोंडा व अल्प प्रमाणात बंधक द्रव्य यांच्या मिश्रणातून छापण्यात आले. सिमेंट टाळून उभी राहिलेली ही वास्तू अद्याप प्रयोगच आहे. तरी पांढरीच्या मातीचे गुण पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या बालाघाटच्या प्रदेशात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या दिशेने प्रयोगशाळेत काम करून पाहण्यासारखे आहे. येथील माती व बेसाल्टचा कच यांचे मिश्रण नळीतून सरकते की नाही, उन्हात किती आकसते, पावसात किती झडते, ही उत्तरे इटलीहून मिळणार नाहीत.

एखाद्या जिल्हा परिषदेने असे काम हाती घेतलेच तर दर ठरविण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. काँक्रीटच्या साच्यातील ठोकळ्याची चाचणी येथे पुरेशी नाही. छापलेल्या भिंतीतून कापून काढलेला तुकडा थरांच्या दिशेने आणि थरांना आडवा, असा दोन्ही प्रकारे तपासावयास हवा, कारण थरांच्या सांध्यावर ताकद कमी भरते. छपाई मध्येच थांबली तर थांबल्याची वेळ व जागा नोंदवून पुन्हा सुरू करण्यापूर्वी सांधा कसा तयार केला, याचे टिपण ठेवावयास सांगावे. सळयांचा आराखडा स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावा. आणि प्रति चौरस फूट दर सांगितला जाईल तेव्हा तो केवळ भिंतीचा आहे की छतासह पूर्ण इमारतीचा, हे आधी विचारावे. बहुतेक गैरसमज या एका प्रश्नापाशी उद्भवतात.

घरकुलापुरते बोलावयाचे तर पाटोद्याची अडचण भिंत उभारण्याच्या वेगाची कमी आणि ऋतूची अधिक आहे. मजूर कारखान्यावर जाण्यापूर्वी, पावसाळ्याच्या अखेरीस पाणी असतानाच चौथरा पूर्ण व्हावा, त्यासाठी पहिला हप्ता गणेशोत्सवाच्या सुमारास हाती पडावा. मागे राहणाऱ्या तरुणांतून गवंडी प्रशिक्षण घेतलेले चार हात गावातच तयार व्हावेत. विटा, कच व सळई यांची खरेदी दहा लाभार्थ्यांनी मिळून करावी. ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची सोय आवास योजनेतच आहे. परतलेल्या कुटुंबाला मार्चमध्ये तयार चौथरा मिळाला, तर उरलेल्या तीन महिन्यांत भिंती व छत साध्या गवंड्याच्या थापीनेही पुरे होतात.